मधात उतरलो नाही

बाबा, जयभीम.

लिहीन लिहीन म्हणत दिवाळी गेली. पण आजची गोष्ट पोटात राहत नाही. लाखांदूरहून भंडाऱ्यापर्यंत मी एसटीत बसून आलो, मधात कुठंच उतरलो नाही!

तुम्ही म्हणायचे, "याच्या पायाले भिंगरी हाय." भिंगरी नव्हती, बाबा. गाडीत बसलो की छाती धडधडे, आता मरतो असं वाटे, म्हणून उतरून जायचो. कामंही तशीच सुटली. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, मन घाबरते.

मग मोहाडीच्या विहारात रत्नमालाबाईंकडे ध्यानाला बसलो. श्वासाकडे लक्ष दे म्हणाल्या, तर मी श्वास धरूनच बसलो, चक्कर आली! त्या हसल्या, "अरे, पाह्य म्हटलं, पकड कोनं म्हटलं?" समोर जांभळावर माकडं यायची... ते जाऊ द्या. रोज बसलो.

आज पवनीपाशी धडधड सुरू झाली. मी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहत राहिलो. ती आपोआप निवली. शेजारची बाई म्हणे, "कायले हासून राहिला रे?"

भंडाऱ्याहून तसाच मोहाडीला आलो. हे विहाराच्या ओट्यावर लिहितो आहे, तुम्हाला घरी सिहोऱ्याला टाकणार होतो. तर फाटकातून तुम्हीच येऊन राहिले! मले पाहिलंही नाही, चपला काढता काढता रत्नमालाबाईंना विचारता, "माह्या बीपीले हे चालते काय?"

"चालते, आनंदराव. पण गोळी सोडू नका."

थांबा बाबा, माझ्या बाजूला चटई टाकतो.

तुमचा, शेवटपर्यंत बसलेला,
अश्विन