दोन वाट्या वाळू

४ मार्च, मंगळवार

माशांची टाकी आली एकदाची! दिवाणखान्याची अर्धी भिंत खाल्ली तिने. तीस वर्षं ‘घेऊ या, घेऊ या’ चाललं होतं ह्यांचं. आता पाणी नाही, मासे नाहीत, आणि वाळूवरून भांडण मात्र सुरू!

दुकानदाराने नमुन्याला दोन पुड्या दिल्या. मी त्या काचेच्या दोन वाट्यांत ओतल्या. हे म्हणतात, “ही पिवळट आहे, ती पांढरी. पांढरीच घेऊ.” मी म्हटलं, “अहो, दोन्ही पांढऱ्याच तर आहेत!” ह्यांनी एकदा वाट्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, “बरं, राहू दे.”

हे ‘राहू दे’ मला आवडत नाही. भांडायचं तर नीट भांडावं.

५ मार्च

दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून आम्ही केलेली आणखी एक दाताची कॅप परत. महिन्यातली दुसरी. चिठ्ठीवर एकच ओळ – “शेजारच्या दातापेक्षा पिवळी.”

आमचं निम्मं काम त्यांच्या दवाखान्यातून येतं. फोनवर गोड बोलल्या, पण बोलल्याच – “ताई, तिसरी परत आली तर मला नाइलाजाने दुसरी लॅब बघावी लागेल. तिकडे मशीनवर रंग जुळवतात.”

मागच्या खोलीतल्या त्या दात भाजायच्या भट्टीवर आम्ही मुलीचं शिक्षण केलं, हे घर केलं. वाटणी पहिल्यापासून ठरलेली. हे दवाखान्यात जाऊन रंगांची पट्टी पेशंटच्या दातांशेजारी धरणार आणि नंबर लिहून आणणार. त्या नंबरवर मी कॅप घडवणार, भाजणार, आणि शेवटचा रंगाचा हात नजरेने देणार. कुणी कुणाच्या कामात नाक खुपसायचं नाही.

मग पिवळेपणा आला कुठून?

६ मार्च, गुरुवार

भाजी चिरताना डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि हातातली सुरी तशीच राहिली.

नणंदबाईंना मोतीबिंदू झाला होता तेव्हा त्या म्हणायच्या, “वहिनी, चादरी धुतल्या तरी पिवळ्याच दिसतात गं.” आणि ह्यांना पांढरी वाळू पिवळी दिसते! म्हणजे दातही पिवळे दिसणार, आणि नंबरही पिवळाच लिहिला जाणार.

ह्यांचे डोळे गेले.

कसं सांगू? ह्या माणसाला नजरेचा केवढा तोरा! चहाच्या रंगावरून दूध कालचं की आजचं सांगतात. ‘तुम्हाला दिसत नाही’ म्हटलं तर हाय खातील. रडू आलं. कांदा चिरत नव्हते, त्यामुळे सांगायला कारणही नव्हतं. नशीब, हे बाहेर होते.

७ मार्च

मोठं काम आलंय. समोरचे सहा दात! स्कूटरवरून पडलेली मुलगी, चोवीस वर्षांची. सोमवारी दुपारी नव्या नोकरीवर हजर व्हायचंय. हॉटेलात स्वागताला उभं राहायचं काम – दिवसभर हसायचं. दात सोमवारी सकाळी दहाला पक्के बसवणार. एकदा चिकटले की फोडल्याशिवाय निघत नाहीत.

ह्यांनी चिठ्ठीवर लिहिलंय ए-तीन. चोवीस वर्षांच्या मुलीला ए-तीन! मी पट्टीवर पाहिला तो दात – छे, म्हातारीचा वाटतो.

संध्याकाळी पुन्हा वाळू. “तू ठरवलंस का?” मी म्हटलं, “कुठलीही आणा, एकच आहेत.” जरा जोरातच म्हटलं. हे टाकीची काच पुसत बसले. कोरडी, नवी काच. पुसायला काय होतं तिच्यावर?

८ मार्च, शनिवार

केलं. तीनवर रेघ मारून एक लिहिला. ए-एक, त्या पट्टीतला सगळ्यात उजळ. तीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांच्या अक्षरावर माझं पेन चाललं. सहाही दात भाजून, चकाकी देऊन झाले. हे नळी-फिल्टर बघायला दुकानात गेले होते, तेवढ्यात डबी बंद करून दवाखान्याच्या माणसाकडे दिली. चिठ्ठी खिळ्याला अडकवली, इतर चिठ्ठ्यांच्या मागे.

ह्यांच्या भल्यासाठीच केलं. मग चोरी केल्यासारखं का वाटतंय?

९ मार्च, रविवार

आता डोळ्यांचं बोलायचंच, असं ठरवलं. पण आधी पुरावा हवा. दोन्ही वाट्यांच्या बुडाला कागद चिकटवले – ह्यांनी पिवळट म्हटली होती तिला फुली, दुसरीला गोल. हे आंघोळीला गेले तेव्हा वाट्यांची अदलाबदल केली. आले तसं विचारलं, “सांगा बरं, पिवळट कुठली?”

टॉवेलने डोकं पुसत पुसतच बोट दाखवलं. फुली. बरोबर.

चुकून जमलं असेल. पाणी आणायला पाठवलं, पुन्हा बदलल्या. फुली. मग पडदा ओढला, वाट्या दारापाशी ठेवल्या. फुलीच! हे हसले, “काय शाळा लावलीयेस?”

मी वाट्या घेऊन खिडकीत गेले. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. एकच रंग. दोन्हींचा अगदी एकच रंग.

शेवटचा रंगाचा हात माझा असतो. नजरेने.

दवाखाना आज बंद. डॉक्टरीणबाई फोन उचलत नाहीत – पाच वेळा लावला. उद्या दहाला ती मुलगी खुर्चीत बसणार. ह्यांना सांगायला दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्हीदा ‘चहा घेणार का’ एवढंच बाहेर पडलं. भित्री आहे मी.

१० मार्च, सोमवार

साडेनऊला डॉक्टरीणबाईंना फोन लागला. दात बसवणं थांबवा म्हटलं, तर म्हणाल्या, “ताई, थांबवायचं काय? दादा नऊलाच येऊन दात परत घेऊन गेले. म्हणाले, नंबर लिहिताना माझेच डोळे चुकले. त्यांना डोळे दाखवून घ्यायला सांगा. तोवर तुमच्याकडे काम पाठवणं मला जमायचं नाही.”

मागच्या खोलीत भट्टी तापल्याचा आवाज येत होता. ह्यांनी सुरू केली होती. दारातून दिसलं, माझी ती खोडलेली चिठ्ठी खिळ्यावरून काढून भट्टीपाशी ठेवली होती.

मी म्हटलं, “बाई, ह्यांचे नाही. डोळे माझे गेलेत.”