वाटीखालचा फासा

भवानी पेठ, सोलापूर
ता. ४ जानेवारी १९७८

चि. बसवराज यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला किल्ल्याचा खेळ अप्पांना भलताच मानवला. इंग्रजी नियम मी आपल्या भुईकोट किल्ल्यावर बसवले. समोर काय आलं ते मी सांगते, आणि अप्पा दरवाजावरचा पहारेकरी होतात. नावही त्यांनीच ठेवलं, बिरप्पा. श्रावणात अर्धांगाचा झटका आल्यापासून ज्यांच्या तोंडून हुंकाराखेरीज काही निघालं नव्हतं, ते बिरप्पा झाले की बोलतात रे! परवा तर, कोण हाय तिकडं, पुढं आलास तर तंगडं मोडीन, असं इतकं ठणकावलं की भांडी घासणाऱ्या फुलाबाईंच्या हातून परात पडली. खेळ थांबला की पुन्हा गप्प.

काल संध्याकाळी बिरप्पाला शत्रूचा भाला लागला. नियमाप्रमाणे तो वीस बाजूंचा फासा टाकला. पाच किंवा वर पडले तर तो जगणार, नाहीतर मेला. तीन पडले. अप्पांना इतकं बारीक दिसत नाही. मी घाबरून फाशावर वाटी पालथी घातली आणि उजेड नाही, उद्या बघू, असं म्हणाले.

आज सकाळपासून ते वाटीकडे बोट दाखवताहेत. बिरप्पाबरोबर अप्पांची वाचाही जाईल, ही भीती मनातून हलत नाही. त्यापुढचंही मनात येतं. ते मी रोजनिशीतसुद्धा लिहिलेलं नाही. मेलेल्याला परत आणायचा काही नियम आहे का? की खोटं सांगू? लगेच कळव. थंडीत कानाला बांधत जा, आणि अक्कावर माया असू दे.

तुझी,
गिरिजाक्का

मिनिआपोलिस
ता. १४ जानेवारी १९७८

ती. अक्कास बसवराजचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. नियम शोधत बसू नकोस. खेळ चालवणारी तू आहेस. नऊ पडले म्हणून सांग आणि मोकळी हो. पण तू सांगणार नाहीस, मला ठाऊक आहे. लहानपणी मी फोडलेली बरणी मांजराने फोडली, एवढंही तुला धड सांगता आलं नव्हतं.

इथे वसतिगृहात मजल्यावरचा सामाईक फोन वाजला की मी खोलीतच थांबतो. दुसऱ्या कुणाचं नाव पुकारलं गेलं की मग श्वास सोडतो. मेमध्ये परीक्षा संपताच निघतो. तोवर वाटी उचलू नकोस. वाटी पालथी आहे तोवर बिरप्पा जिवंत आहे. अप्पांच्या पायांवर माझं डोकं ठेव. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा,
बसू

भवानी पेठ, सोलापूर
ता. २८ जानेवारी १९७८

चि. बसवराज यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी आलं. वाटी सकाळीच उचलली गेली होती.

इतके दिवस मी काही ना काही सबब काढत होते. फुलाबाई वाटीच्या कोपऱ्यात झाडू मारेनात. बाई, आत काय कोंडलंय, मला लई भ्या वाटतं, म्हणायच्या. मी हसण्यावारी न्यायचे, पण रात्री उठले की मीही त्या बाजूला बघत नसे.

काल सकाळची शाळा शिकवून आले तर वाटी जमिनीवर उताणी, आणि फासा अप्पांच्या डाव्या मुठीत. मिलमध्ये कामाला असताना कापडाच्या थानातली गाठ अंगठ्याने शोधायचे ना, तसाच त्यांनी फाशावर कोरलेला आकडा चाचपला होता. मला म्हणाले, तीन. बिरप्पा गेला.

मी रडू लागले. तर मलाच दटावलं. शब्द अडखळत होते, पण बिरप्पाचे नव्हते, त्यांचे स्वतःचे होते. म्हणाले, येडी का काय तू? चांगलं पडलं असतं तर झाकलं असतंस व्हय? पहिल्या दिवशीच कळलं मला.

म्हणजे इतके दिवस भीत होते ती मी एकटीच, आणि ते मला सांभाळत होते.

मग म्हणाले, आता दारावर तू उभी ऱ्हा, गोष्ट मी सांगतो. बाहेर कोणतरी आलंय. ओरडत न्हाय, घाई करत न्हाय. दार उघडतीस का?

मी त्यांचं पांघरूण सारखं करू लागले. ते हसले आणि फासा मुठीत धरून पडून राहिले. आज सकाळी पुन्हा तेच विचारलं. चेहरा शांत होता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

बसू, मेची वाट पाहू नकोस. परीक्षा पुन्हा देता येईल. तू पोचेपर्यंत मी अडसर लावून दारात उभी आहे.

तुझी,
अक्का