प्लग तीनदा काढून पाहिला

दादा,

तू येईपर्यंत मी गाडीत बसलेली असेन. परवा वीज जाऊन आली तेव्हाची चूक माझी होती, वहिनीला बोलू नकोस. वाचा गेल्यापासून बाबा ज्यावर डोळ्यांनी अक्षरं निवडून बोलतात, तो प्रोग्राम लॉगिन झालं की आपोआप सुरू होईल, अशी सोय मी त्यांच्या कॉम्प्युटरवर, लिनक्समध्ये केली होती. पण लॉगिन करणार कोण, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मशीन पासवर्ड मागत राहिलं आणि बाबा त्याच्यासमोर तीन तास मुके पडून राहिले. पाणीसुद्धा मागता आलं नाही त्यांना.

आता पासवर्ड न विचारताच लॉगिन होतं आणि मागोमाग प्रोग्राम उघडतो. दोन मिनिटं लागतात. सकाळी मी तीनदा प्लग काढून पाहिला, तिन्ही वेळा सुरू झाला. चौथ्यांदा वाकले, तेवढ्यात मशीन बोललं, “पुरे, शास्त्रज्ञबाई. मी आहे. पळ, गाडी चुकेल.”

बाबांची माफी मागायची राहूनच गेली.

संध्याकाळी त्यांच्याजवळ बस. एका वाक्याला त्यांना बराच वेळ लागतो. मध्येच उठू नकोस.

धाकटी