यादीतलं शेवटचं घर

रविवार संध्याकाळ, घाटकोपर

आज विहारात गेलो तर परत शेजारच्या लताकाकूंच्याच हातात झाडू. सलग चौथा रविवार! झाडलोटीची पाळी सांगणारं ॲप मीच बनवलेलं. बारा घरांची यादी, दर रविवारी पुढचं नाव. शेवटचं नाव काकूंचं, आणि त्यानंतर काय, हे मी कोडमध्ये लिहिलंच नव्हतं. ॲप तिथेच अडकलं. मी कसला प्रोग्रामर यार?

"काकू, बोलला का नाहीत?"

"तुझं पहिलंच काम ना रे. चारचौघांत कशाला चूक काढू? शेवटच्या घरानंतर परत पहिलं घर, एवढंच शिकव त्याला."

एका ओळीत झालं. किती सांभाळून घेतलं या बाईने मला!

पहिलं घर आमचंच. पुढचे चार रविवार झाडू मीच मारणार, ॲप काहीही म्हणू दे.