दोन हँडलची पेटी

२ नोव्हें., रवि.
प्लायवूड आलं. हॉलमध्ये भिंतीला टेकवलं, अर्धा टीव्ही झाकला. सुधीर कंपनीत, पहिली पाळी. अकराच्या सुमारास बेल. दारात दादा. वैजापूरहून, फोन न करता. बाबा गेले, त्यांचं पुण्यानुमोदन झालं, त्यानंतर पहिल्यांदाच. मधे ना फोन, ना निरोप.
"कपाट करते काय?"
म्हटलं, नाही, गेमची पेटी. लासूरला स्टेशन रोडवरच्या दुकानात होती ना, उभ्यानं खेळायची, तसली. आत जुना मॉनिटर आणि एक छोटा बोर्ड टाकायचा, तेव्हाचे सगळे गेम चालतात. हसेल वाटलं. त्यानं बाह्या वर केल्या, टेप मागितली. "कापायचं मपल्याकडं लागलं." म्हणजे ते काम त्याचं.
संध्याकाळी गेला. काही मागितलं नाही. मग आला कशाला?

९ नोव्हें., रवि.
दादा कुणाचं तरी कटर मशीन घेऊन हजर. गच्चीवर दोन्ही बाजू कापल्या. हात लई साफ. आडतीवर शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहिणारा माणूस वाटत नाही. मधेच फोन आला, जिन्यात उतरला. मी भुसा झाडत होते. ऐकू आलं, "अजून नाय काढला विषय. काढतो म्हनलं ना."
वर आल्यावर विचारलं, कोण?
"मार्केटमधला एक."
मार्केटमधल्या माणसाशी इतकं हळू बोलतं का कुणी.

११ नोव्हें., मंगळ.
लासूरच्या शेजारच्या काकूंचा फोन. बोलता बोलता निघालं. बाबांच्या घरापुढची मोकळी जागा दोन माणसं टेप धरून मोजत होती, सोबत दादा. रस्त्याला लागून आहे ती. आजूबाजूला सगळीकडं गाळे झालेत आता.
सुधीरला सांगितलं. "बहिणीकडं येऊ नये का माणसानं? भाऊ आहे तुझा."
भाऊ आहे म्हणून तर. आमच्या लॅबमधल्या मंगलनं भावाला हक्कसोड करून दिलं, त्याआधी तोही असाच दर आठवड्याला यायचा.

१६ नोव्हें., रवि.
बटणं आली, लाल-पिवळी. मी एकाच खेळाडूचं पॅनल आखलं होतं. दादा म्हणे, "दोन हँडल बसव. एकट्यानं काय खेळायचं?" पेटीची रुंदी वाढली, मधल्या फळ्या वाया. परत कापत बसला, तक्रार नाही. तेच खटकतं. कापता कापता, मान खाली घालून,
"वंदे, आधारवर तुझं नाव माहेरचं हाय का सासरचं?"
"का रे?"
"सहज."
सहज आधार कुणी विचारत नाही.

२३ नोव्हें., रवि.
आला नाही. वायरिंग एकटीनं केलं. हँडल वर ढकललं की विमान खाली जातंय. दोन वायरी उलट्या लागल्या होत्या, बदलल्या. दुपारभर कान जिन्याकडं. आज विषय निघणार नाही, बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

३० नोव्हें., रवि.
आला. आडतीवर कांद्याच्या गाड्या अडकल्या होत्या म्हणे. वहिनीनं पिशवी पाठवली, बाजरी, तीळ, शेंगदाण्याची चटणी. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, वहिनीकडून कधी चटणीचा कण नाही. दादा हात धुवायला गेल्यावर पिशवी तळापर्यंत उपसली. कागद नव्हता. लाज वाटली, पण उपसली.
सनमायका चिकटवताना म्हणाला, "त्या दुकानाच्या भाईर तू दप्तर धरून उभी राहायची. माझं बी."
"एकदा तरी आत बोलवायचंस."
"बाबानं तंगडं तोडलं असतं माझं." मग जरा वेळानं, "बोलवायला पायजे होतं."
मनापासून, की रान तयार करणं चाललंय?

६ डिसें., शनि.
भडकल गेटला महापरिनिर्वाण दिनाच्या अभिवादनाला. गर्दीत चुलतभाऊ संजय भेटला. जयभीम झालं. म्हणतो, "ताई, लासूरची जागा दादाला सोडली म्हणे. मन मोठं तुमचं."
कधी सोडली? मी सोडली आणि मलाच पत्ता नाही! हातात मेणबत्ती, डोळ्यांत पाणी. लोकांना वेगळंच वाटलं असेल.

७ डिसें., रवि.
पेटी चालू झाली. आवाज अगदी तसाच, दुकानातला. दादा डावीकडं, मी उजवीकडं, विमानांचा गेम. दुसऱ्या डावात विचारलं.
"संजयला काय सांगितलंस?"
त्याचं विमान आपटलं. हँडल सोडलं नाही.
"बोलून गेलो. चूक झाली."
"म्हणजे पेटी करायला आला नव्हतास."
"नाय. पयल्या दिवशी तेच इचारायला आलो व्हतो. गाळे काढायचेत. बँकेला जागा एकाच्या नावावर पायजे. तू प्लायवूड दाखवत बसली, मंग तोंडातून निघंना."
"आणि पुढचे रविवार?"
खांदे उडवले. "हितं बरं वाटायचं."
"मी सही करणार नाही, दादा."
"बरं."
उरलेला डाव खेळला. चहा ठेवला होता, न घेताच गेला.

१४ डिसें., रवि.
आला नाही. फोन नाही. म्हणजे सहीसाठीच होतं सगळं. झालं, कळलं.
सुधीर म्हणतो, "तूच हाकललंस, आता आला नाही म्हणून रडतेस." मी हाकललं नाही. चहा ठेवला होता मी.
"हितं बरं वाटायचं." खोटंच बोलायचं असतं तर याहून गोड बोलला असता. की हेच त्याचं गोड. काही कळत नाही. सुधीरशी दोन डाव खेळले, त्याला खेळता येत नाही.

२१ डिसें., रवि.
दादा आणि वहिनी, दोघं. वहिनी पेटीभोवती फिरली, सनमायकावरून हात फिरवला. "ह्यांनी केली व्हय?" दादानं तिला हँडल धरायला शिकवलं. पदर खोचून उभी राहिली आणि तिसऱ्या डावात मला हरवलं! सगळे हसलो. मीसुद्धा, पोटभर. जेवले, चहा घेतला. जागेचं कुणी नाव काढलं नाही. मी वाट बघत होते.
निघताना दादा पुढं उतरला. जिन्यात वहिनीनं माझा हात धरला. "ताई, एकदा लासूरला या. समोरासमोर काय ते ठरवू. तुमच्या मनाइरुद्ध काय बी नाय करायचं, असं हे म्हनले."
हे म्हणाले, की हिनं म्हणवून घेतलं? की दोघांनी घरून ठरवून आणलं? तोंडावरून काही कळेना. हात मात्र तिनं घट्ट धरला होता.
येते म्हटलं. गुरुवारी सुट्टी आहे. अकराला घरापाशी भेटायचं ठरलं.
मी नऊलाच पोचणार आहे.