‘पळपुटा नवरदेव’ भाग दोन: दुःखद निधन

३ ऑक्टोबर

राजधानीतल्या, सोफियाच्या सगळ्या पेपरांनी मिळून आज आमच्या सिनेमाचा फडशा पाडला! ‘पळपुटा नवरदेव, भाग दोन’. एक लिहितो – नवरदेव पहिल्या भागात पळाला होता, तर त्याला शोधायला सांगितलं कोणी? दुसरा म्हणतो, ह्यातले विनोद येण्याआधी दार वाजवतात. आणि माझी गाणी? ‘झ्लातिनाबाईंच्या गाण्यांत मागच्या वेळी हसणारी क्लॅरिनेट होती. ती कुठे गेली?’

कुठे जाणार! ल्युबेनबरोबर गेली. वाद्यं आता यंत्रातून निघतात, वाजवायला तुमच्या नवऱ्याची गरज नाही, असं दिग्दर्शक म्हणाला. मी भांडले, हरले, आणि गाणी तरीही दिली. ल्युबेन एवढंच म्हणाला, “परत मागायचीस गाणी.” मग क्लॅरिनेट उचलून शेजारच्या गावी भावाकडे गेला. द्राक्षं काढायला म्हणे! द्राक्षांची वाईन होऊन बसली, हा अजून तिकडेच.

४ ऑक्टोबर

घराबाहेर पडले नाही.

५ ऑक्टोबर

आजही नाही. पाव संपला. शेजारच्या गीना आजीने दोनदा दार वाजवलं, मी पडदे ओढून बसले. सिनेमातली विहीणबाई म्हणून ज्या पोस्टरवर मी तोंड वासून गातेय, ते पोस्टर गावभर आहे. कुठल्या तोंडाने बाहेर जाऊ? अकॉर्डियन पलंगाखाली ढकललं. ल्युबेनला फोन करावासा वाटला. पण आधी त्याने करावा! एवढी वर्षं संसार केला, तो ह्याच हट्टावर.

७ ऑक्टोबर

काय दिवस गेला! सकाळी दार उघडलं तर समोर गीना आजी. हातात मयताला वाटतात तो साखर-अक्रोड घालून शिजवलेला गहू, आणि दोन कार्नेशनची फुलं. दोन! जिवंत माणसाला आम्ही एक देऊ, तीन देऊ. जोडी फक्त मेलेल्याला. मला बघून आजी किंचाळली, “अगं बाई, ही चालतेय!”

“आजी, गेलं कोण?”

“तूच की! कोपऱ्यावरच्या झाडाला कागद लागलाय. काळी चौकट, तुझा फोटो. चष्मा नव्हता माझ्याकडे, पण तोंड तुझंच गं, वासलेलं!”

धावत गेले. गावातल्या मयतांचे कागद लागतात तिथेच, आमच्या पोस्टरवरचा फोटो! ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की ‘पळपुटा नवरदेव, भाग दोन’ याचे पहिल्याच खेळात, अल्पशा आजाराने निधन झाले. शोकसभा आज दुपारी, झ्लातिनाबाईंच्या अंगणात. – शोकाकुल प्रेक्षक.’

तळपायाची आग मस्तकात! हे काम पेन्चेवचंच. आमच्या गावच्या पेपरात सिनेमावर लिहितो, आणि पहिल्या भागालाही त्याने नाक मुरडलं होतं.

दुपारपर्यंत अंगण भरलं. कागद वाचलेले हसायला आले, न वाचलेले रडायला. हाकलणार कुणाला? मयताला आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत. आजीचा गहू वाटला, फळांची कडक दारू, रकिया काढली. सगळ्यांनी आधी गेलेल्याच्या नावाने चार थेंब जमिनीवर सांडले. आणि मग गंमत – गेलेल्याबद्दल वाईट कसं बोलायचं? अर्ध्यातून उठून गेलेला औषधवाला घसा साफ करून म्हणाला, “तसा... मनाने चांगला होता सिनेमा.” खाटीक म्हणाला, “विहिणीचं गाणं माझ्या डोक्यातून जातच नाही.” आणि गायलाच लागला! बेसूर, पण शब्द न शब्द पाठ.

तेवढ्यात पेन्चेव आला. फुलं दोनच. मी त्याची कॉलर धरायचीच बाकी होती. “कागद तुझा ना?”

“माझा? अहो बाई, मी लिहिलं असतं तर एवढ्याशा कागदावर मावलं असतं?” मग हळूच म्हणाला, “शेवटचं गाणं मात्र खरं आहे. ते यंत्र तेवढं काढा त्यातून.”

अकॉर्डियन पलंगाखालून ओढलं. तेच गाणं धरलं. अंगण सगळं गात होतं! मधे एका जागी मी सवयीने थांबले. तिथे क्लॅरिनेट येते. कोणीच काही वाजवलं नाही. मला रडू आलं, सगळ्यांदेखत.

८ ऑक्टोबर

छापखान्यात गेले. मालक म्हणे, “मयताच्या घरची गोष्ट बाहेर सांगत नाही.” मेला! घरभर फुलांच्या जोड्या. स्मशानात राहिल्यासारखं वाटतंय.

९ ऑक्टोबर

दारात ल्युबेन. काखेत क्लॅरिनेटची पेटी. “आजीचा फोन आला, तू दार उघडत नाहीस म्हणून. आपल्या गावात मेल्याशिवाय कोणी चांगलं बोलत नाही. मग काय करणार? लावला कागद.” आणि फुलं पुढे केली.

मी मोजली. तीन!