जाड टायरची सायकल

२६ ऑक्टोबर, रविवार

तुला सायकल चालवायला आवडतं का? मोनालीने आज भांडी घासता घासता विचारलं.

मी म्हणाले, राज्य स्पर्धेत पहिल्या तिघींत आले की खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात—

"ते न्हाई विचारून राह्यले मी. आवडतं का, ते सांग."

बदनापूरच्या या खोलीत आम्ही दोघी राहतो, पण बोलणं भाजी कुणी करायची इतकंच. आज तिने पहिल्यांदा काही खरं विचारलं आणि मी भाजी चिरायला घेतली.

२८ ऑक्टोबर

जालन्याहून परतताना चाक खड्ड्यात गेलं, रिम वाकली. सायकल माझी नाही, जालन्याच्या आमच्या सायकल ग्रुपची. राज्य स्पर्धेच्या निवड चाचणीपर्यंत वापरायला मिळालेली. आमचा सराव घेणारे केदारसर चाक उलटसुलट करून म्हणाले, "दहा-बारा दिवस जातील. पाय बंद ठेवू नकोस." गुडघ्यातून रक्त येत होतं. कुणी विचारलं नाही. मीही दाखवलं नाही.

ग्रुपमधल्या अंतराताईंनी त्यांची डोंगरावरची, जाड टायरची सायकल दिली. "गॅलरीत टॉवेल वाळवते मी तिच्यावर. ने बिनधास्त."

३० ऑक्टोबर

हायवेवर ही सायकल म्हणजे म्हैस. टायर नुसते गुणगुणतात, पुढे काही जात नाही. खोलीवर येऊन पंप घेतला आणि दगड होईपर्यंत हवा भरली. सैल टायर मला बघवत नाही. आळस वाटतो.

२ नोव्हेंबर, रविवार

ग्रुप पुढे निघून गेला. या सायकलवर त्यांना गाठणं शक्य नव्हतं. रडू यायला लागलं म्हणून पाणंदीत वळले, कुणाला दिसू नये म्हणून.

कापूस वेचणाऱ्या बाया होत्या. एकीने हाक मारली, "ए बाई, रस्ता चुकली का?"

"न्हाई मावशी. टेकडीवर चालले."

"सायकल घेऊन? तिकडं काय पुरून ठेवलंय?"

दुसरी म्हणाली, "जाऊ दे तिला. चढताना सायकलवर, उतरताना सायकल तिच्यावर."

सगळ्या हसल्या. मग जावंच लागलं.

वर सीताफळीची झुडपं, मुरूम, सुटे दगड. उतरताना सायकल चेंडूसारखी उडायला लागली आणि मी आडवी. कोपर सोलला. अंतराताईंना फोन केला.

"हवा किती भरलीस?"

"फुल्ल."

"अगं, ढोल केलास की तिचा! सोड हवा. अंगठा दाबला की आत गेला पाहिजे. हा हायवे नाही."

हवा सोडताना चोरी केल्यासारखं वाटत होतं. पुन्हा वर गेले, पुन्हा उतरले. टायर दगडावरून दबत गेला, घसरला नाही. हायवेवर मी समोरच्याचं मागचं चाक तेवढं बघते. केदारसरांचा चेहरा डोळ्यांपुढे येत नाही, पाठ येते. इथे समोर कुणीच नाही. या दगडाच्या डावीकडून की उजवीकडून, ते मीच ठरवायचं, आणि लगेच. शेवटच्या उतारावर तोंडातून किंकाळी निघाली. भीतीची नव्हती.

खाली आले तेव्हा बाया शेताच्या पार दुसऱ्या टोकाला गेलेल्या. मोनाली गावी. हे सांगायचं कुणाला? आईला फोन लावला आणि घरातल्या शेळीची चौकशी केली.

५ नोव्हेंबर

ऑफिसच्या आधी टेकडी. उतरले, पुन्हा चढले, पुन्हा उतरले. केसांत कुसळं घेऊन ऑफिसात बसले.

संध्याकाळी मंठ्याहून बाबांचा फोन. बाजाराला आले होते. "चाचणी कधी हाय?"

"सोळाला."

"बराबर. म्या समद्यायला सांगून ठेवलंय, कडूबाची पोरगी वर्दीत येनार. आपल्या घरात तूच एक शिकली, तूच एक वर्दीत."

टेकडीचं बोलले नाही. आमच्या घरात नुसत्या मजेसाठी कुणी वेळ काढलेला मी पाहिला नाही. बाबा देवदर्शनाला गेले तरी येताना खुरपी घेऊन येतात. मला मजा येते हे त्यांना कोणत्या शब्दांत सांगायचं?

१० नोव्हेंबर

चाक आलं. ग्रुपबरोबर गेले. पाय उलट जास्त चालले. केदारसर म्हणाले, "निवड झाल्यात जमा धर."

आनंद व्हायला हवा होता.

चहाला थांबलो तेव्हा ग्रुपमधल्या गंधालीला टेकडीचं सांगायला घेतलं. "पाय मोडला असता म्हणजे? चाचणी तोंडावर आहे," ती म्हणाली आणि नव्या फ्लॅटच्या फरश्यांबद्दल बोलत राहिली. सगळे जालन्याकडे वळले. बदनापूरपर्यंत मी एकटी.

ठरवलं. अंतराताईंची सायकल परत द्यायची. टेकडी बंद. शहाण्यासारखं वागायचं.

११ नोव्हेंबर

दिली नाही. उद्या.

१३ नोव्हेंबर

आज हायवेवर एक गोष्ट लक्षात आली. पोलिसात नोकरी लागली की सायकल सोडायची, असं मी मनात कधीचं धरून चालले होते. वर्दी मिळाली की सुटले. मग ज्या मुलीला माझ्यामुळे चाचणीत जागा मिळणार नाही, तिला आवडत असेल तर?

आणि बाबा? त्यांनी पोरीचं नाव गावभर केलंय.

जेवण गेलं नाही. मोनाली म्हणाली, "कोनाशी भांडून आली का?" न्हाई म्हणाले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ग्रुपची सायकल धुतली, साखळीला तेल घातलं आणि जालन्यात मस्तगडला केदारसरांच्या दारात लावून आले. "उद्या चाचणी आहे," ते म्हणाले. म्हटलं, म्हणून आजच आणली, दुसऱ्या कुणाला तरी जागा मिळेल.

स्टँडवरून बाबांना फोन केला. चाचणी देणार नाही. सरकारी नोकरी अभ्यास करून मिळवीन. सायकल चालवीन, पण नोकरीसाठी नाही. मला ती आवडते.

बाबा म्हणाले, "लोकायला काय सांगायचं ते मी पाहतो."